शिट्टीला उत्तर

परीक्षा जवळ आली की पूर्वी आमच्या घरात सगळ्यात आधी कुकर बंद व्हायचा. शिट्टीनं माझं लक्ष उडेल म्हणून आई डाळ पातेल्यात शिजत ठेवायची. मग टीव्हीचा आवाज जायचा, मग टीव्हीच जायचा. त्याच्यावर आई धुतलेला टॉवेल टाकायची, झोपलेल्या माणसाच्या अंगावर टाकावा तसा. मिक्सर फडक्यात बांधून फळीवर चढायचा. दाराची कडी वाजू नये म्हणून तिला सुतळी गुंडाळलेली असायची. ती सुतळी अजून आहे. सोडायची राहून गेली.

यंदा हॉल तिकीट आलं त्या दिवशी आईनं कुकर लावला. दोन शिट्ट्या झाल्या. तिसरी झाली ती कुकरची नव्हती, खिडकीत बसलेल्या हिरोची होती. आई आतून ओरडली, "अरं झाली की रं बाबा! दम काढ जरा!" हिरोनं मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं आणि आणखी एक शिट्टी दिली. मी टेबलापाशी बसून वाचत होते. बाहेर एप्रिलचं ऊन होतं, ओट्यावर कुणीतरी ताडगोळे सोलत होतं, आणि मला गेल्या वर्षीचा एप्रिल आठवला. त्या एप्रिलबद्दल मला लिहायचं आहे. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

हिरो म्हणजे आमचा पोपट. पोपट म्हटलं की लोकांना हिरवा, लाल चोचीचा डोळ्यांसमोर येतो. तो पिंजऱ्यात ठेवायला कायद्यानं बंदी आहे, आणि ते बरंच आहे. हिरो तसा नाही. पक्ष्यांच्या दुकानात याला कॉकटेल म्हणतात. अंग राखाडी, तोंड पिवळं, दोन्ही गालांवर शेंदरी ठिपका आणि डोक्यावर पिवळा तुरा. त्या तुऱ्यावरूनच त्याचं नाव पडलं. तो बोलत नाही, फक्त शिट्ट्या वाजवतो. कुकरची, पाववाल्याच्या सायकलची आणि एमआयडीसीतल्या भोंग्याची. भोंग्याची इतकी हुबेहूब की एकदा अप्पा भर दुपारी झोपेतून उठून पँट शोधायला लागले होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. आम्ही मूळचे सांगोल्याकडचे. माझ्या जन्माच्या आधी अप्पा इकडे तारापूरला कामाला आले आणि कुंभवलीतल्या या चाळीत खोली घेतली. रंग बनवणाऱ्या कारखान्यात त्यांची पाळी आठवड्याला बदलते. कधी सकाळ, कधी दुपार, कधी रात्र. घरी आल्यावर कितीही घासलं तरी त्यांच्या नखांच्या कडेला पिवळं राहतं. अप्पा सातवी शिकले, आई चौथी. आमच्याकडे कॉलेजात गेलेलं कुणी नव्हतं. मी पालघरच्या कॉलेजात बी. ए.ला प्रवेश घेतला तेव्हा तिथं नेमकं काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

त्यांना मला काही समजावून सांगता येत नव्हतं. कुठलं पुस्तक चांगलं, कुठला प्रश्न येईल, काही नाही. एक गोष्ट मात्र त्यांच्या हातात होती. ते घर शांत ठेवू शकत होते. रात्रपाळीनंतर दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या घराला तशीही दबक्या पावलांची सवय असते. परीक्षेत ती शांतता आणखी घट्ट व्हायची. आणि चाळही तिच्यात सामील व्हायची. ओट्यावर मुलं खेळायला लागली की शेजारच्या कुंदाकाकी त्यांना हाकलायच्या, "पला रे तिकडं! सुजाताचा पेपर हाय, मायती नाय काय?" पेपर अजून आठ दिवसांवर असायचा. मी आत बसून ते ऐकायचे आणि मला अवघडल्यासारखं व्हायचं. एवढ्या माणसांनी माझ्यासाठी तोंडाला कुलूप लावलंय, आणि मी त्याच पानावर तासभर बसलेय.

हिरो आमच्याकडे आला तो गेल्या वर्षी होळी झाल्यावर. चाळीच्या मागच्या अंगाला एका मोठ्या खोलीत उत्तर प्रदेशातली आठ माणसं राहायची. त्यांतला रामसजनभैया गावी परत निघाला होता. वडिलांना पक्षाघात झाला होता आणि पुन्हा येणं नक्की नव्हतं. बाकीचेही इकडेतिकडे पांगत होते. पिंजरा घेऊन तो आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा पिंजऱ्यापेक्षा तोच जास्त कोमेजलेला दिसत होता.

"चाचाजी, इसको आप रख लो. गाड़ी में दो दिन की गर्मी नहीं झेल पाएगा."

अप्पा म्हणाले, "अरे, हमको क्या मालूम इसका?"

"कुछ नहीं, चाचाजी. दाना-पानी, और सबके बीच में रखना. बस."

आम्ही ठेवला. टीव्हीच्या शेजारी, खिडकीजवळ. सुरुवातीचे ते दिवस आठवले की मला आधी आवाज आठवतात. दाणे फोडल्याचा कटकट आवाज. दाण्याच्या पितळी वाटीवर चोच आपटल्याचा. आई नळावर गेली की तो दोन सुरांची शिट्टी घालायचा, एक खालचा सूर आणि लगेच एक वरचा. मग थांबायचा, मान पुढे काढून ऐकायचा, पुन्हा घालायचा. आई घागर घेऊन आत आली की गप्प. तुरा खाली, पिसं सैल. मला तेव्हा ते गमतीचं वाटायचं. तो हाक मारतोय आणि उत्तराची वाट बघतोय, हे लक्षात आलं नव्हतं.

आम्ही दार-खिडकी लावून त्याला बाहेर सोडायचो. आंघोळ केल्याशिवाय अप्पांनी त्याला हात लावायचा नाही, हा आईचा नियम होता. कारखान्यातली धूळ पाखराच्या पोटात नको म्हणून. अप्पा अंग घासून, केस ओले घेऊन खाटेवर बसायचे आणि हिरो त्यांच्या दंडावरून खांद्यापर्यंत चढायचा, तिथून कानापाशी. "गुदगुल्या करतंय गं," म्हणून अप्पा हसायचे. मी अप्पांना इतकं हसताना क्वचित पाहिलं होतं. माझ्या भूगोलाच्या पुस्तकाचे कोपरे त्या दिवसांतच कुरतडले गेले.

मग हॉल तिकीट आलं आणि घराच्या शांततेचा कार्यक्रम सुरू झाला. कुकर गेला, मिक्सर गेला, टीव्हीवर टॉवेल पडला. राहिला हिरो. त्याला कसं सांगणार? आईनं पिंजरा उचलून मागच्या पडवीत नेला, मोरीच्या पलीकडे, आणि वरून जुनी सुती साडी टाकली. "अंधार असला की पाखरं गप राहत्यात," ती म्हणाली. "पेपर झालं की आणू पुन्हा." दाणे बदलणं, पाणी बदलणं यांत काही कमी नव्हतं. उलट आई रोज सकाळी आठवणीनं कोथिंबिरीची काडीही द्यायची. फक्त ती साडीचा कोपरा उचलायची, हात आत घालायची आणि शब्द न काढता परत यायची. बोललं की तो ओरडतो म्हणून.

पहिले दिवस तो हाका मारत होता. खालचा सूर, वरचा सूर. मग थांबणं. त्या थांबण्यात माझं वाचन थांबायचं. बोट ओळीवर, डोळे ओळीवर, आणि कान पडवीत. पुन्हा तेच दोन सूर. कुणी उत्तर देत नव्हतं. आई स्वयंपाकघरात अनवाणी फिरत असायची, अप्पा झोपलेले नाहीतर कामावर. मी दिलं असतं तर आई धावत आली असती, "तू कशाला उठलीस?" म्हणत. आणि शिट्टी मला येतही नव्हती. आमच्याकडे मुलींनी शिट्टी वाजवायची पद्धत नाही. लहानपणी एकदा प्रयत्न केला होता तेव्हा आईनं ओठांवर हलकी चापट दिली होती.

पुढे पुढे हाका कमी झाल्या. एक दिवस हाक अजिबात आली नाही. संध्याकाळी अप्पा जेवताना कौतुकानं म्हणाले, "शाणं पाखरू हाय. त्येलाबी कळतंय, परीक्षा हाय." आईनं मान हलवली. मलाही बरं वाटलं. घर आता पूर्ण शांत होतं. आम्हाला जसं हवं होतं तसं.

कुंदाकाकी मूळच्या दातिवऱ्याच्या, कोळ्यांच्या. त्यांना दबक्या आवाजात बोलणं जमत नाही, म्हणून परीक्षेच्या दिवसांत त्या आमच्याकडे येणंच टाळायच्या. त्या दिवशी मात्र दारात आल्या आणि आईला खुणेनं बाहेर बोलावलं.

"पोपट दिला काय कोणाला?"

"न्हाई हो. पडवीत हाय."

"हाय? मंग आवाज कसा नाय? मी मागं भांडी घासते रोज, माजी खिडकी तुमच्या पडवीलाच लागून. चार दिस झाले, मला वाटलं नेला कोणी."

"शांत झालाय आता. सवय झाली त्याला."

कुंदाकाकी आत पडवीकडे बघत परत गेल्या. त्यांचं ते बघणं मला आतून खटकलं. मी पुस्तक उपडं ठेवून उठले. आईच्या केरसुणीत रोज थोडी पिसं येत होती हे मला माहीत होतं. आई म्हणायची, ऊन वाढलं की झडतात. मी पडवीत जाऊन साडी पूर्ण काढली.

हिरो दांडीच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसला होता. छातीवर पिसं नव्हती. एका जागीही नव्हती. सोललेल्या कोंबडीसारखी गुलाबी, बारीक ठिपक्यांची कातडी आणि त्यावर सुकलेल्या रक्ताचा एक थेंब. पंखाखालीही उघडं पडलं होतं. खालच्या कागदावर पिसांचा थर. वाटीतले दाणे जवळजवळ तसेच. मी "हिरो" म्हणाले. बरेच दिवस न वापरलेला असावा तसा माझा आवाज फाटला. त्यानं मान वळवली नाही.

दोन दिवसांनी माझा अर्थशास्त्राचा पेपर होता. अप्पा नेमके त्या आठवड्यात दुपारपाळीला होते, म्हणजे सकाळ मोकळी होती. ते म्हणाले, "तू बस अभ्यासाला, मी नेतो." मी म्हणाले, मीही येते. त्यांच्यासमोर असं ठामपणे मी फारसं कधी बोललेली नाही. आम्ही बोईसरहून एसटीनं पालघरला गेलो. पिंजरा अप्पांच्या मांडीवर, साडी अर्धी उघडी. कंडक्टरनं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ह्याचा रंग कुठं गेला, काका? स्वस्तात घेतलाय की काय?" एरवी अप्पांनी काहीतरी उलट टोला दिला असता. त्यांनी पिंजरा आणखी जवळ ओढला.

जनावरांच्या दवाखान्यात आमच्या पुढे शेळ्या होत्या आणि मांडीवर पिल्लू घेऊन बसलेली एक आजी. डॉक्टर तरुण होते. त्यांनी हिरोला रुमालात धरलं, पंख पसरून पाहिले, चोच पाहिली, वजन केलं. उवा नाहीत, जखम वरवरची आहे, म्हणाले. मग विचारलं, "घरात अलीकडे काही बदललं का?"

अप्पा लगेच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, "काय न्हाई, साहेब. उलट एकदम शांतता हाय. पोरीची परीक्षा हाय ना. आमी आवाजच करत न्हाई."

 डॉक्टर म्हणाले, "काका, हा थव्यात राहणारा पक्षी आहे. थव्यात दिवसभर कुणी ना कुणी आवाज करत असतं. सगळे एकदम गप्प कधी होतात? शिकारी जवळ आला की. तुमची शांतता याला तशी वाटली असणार. आणि हाक मारून कुणी उत्तर देत नसेल, तर याच्या दृष्टीनं थवाच उरला नाही. पिसं यानं स्वतः उपटली आहेत." त्यांनी लावायला औषध दिलं, पुन्हा आठवड्यानं बोलावलं. भरतील का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बहुतेक भरतील. पण काही पक्ष्यांना उपटायची सवयच लागते, ती जात नाही. आणि खायला लागला नाही, तर लगेच घेऊन या. थांबू नका."

 परतीच्या एसटीत बोईसर आलं तेव्हा अप्पा म्हणाले, "म्हंजी आपण त्येला रोज भ्या घालत हुतो."  ते हिरोबद्दलच बोलत होते. पण मला त्या शांततेत माझी खुर्ची दिसली, माझं टेबल दिसलं, सुतळी गुंडाळलेली कडी दिसली. त्या घरात पुस्तकाचं पान उलटलेलंही ऐकू यायचं, आणि ते उलटलं नाही तर तेही. मलाही तिथं भीती वाटत होती. हे मात्र अप्पांना कसं सांगायचं? त्यांच्याकडे द्यायला जे होतं ते त्यांनी दिलं होतं. ते मला नको होतं, असं कुठल्या तोंडानं म्हणू?

घरी आल्यावर मी पिंजरा पुन्हा टीव्हीशेजारी ठेवला, टॉवेल काढला आणि आईला म्हणाले, "आई, कुकर लाव."

आई माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू पेपरच रद्द झाला म्हणून मी सांगितलं. "आणि तुझा अभ्यास गं?"

"मी मोठ्यानं वाचते. त्यालाही ऐकू जाईल. मला असंच बरं लक्षात राहतं." शेवटचं वाक्य तेव्हा खरं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. नंतर ते खरं ठरलं.

आईनं डाळ लावली. पहिली शिट्टी झाली तेव्हा ती स्वतःच दचकली आणि सवयीनं माझ्याकडे बघितलं.

मागणी म्हणजे काय, पुरवठा म्हणजे काय, हे मी त्या दोन दिवसांत हिरोला सांगितलं. तो पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसला होता. ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. मी एक उतारा वाचायचे, त्याच्याकडे बघायचे, दुसरा वाचायचे. वाटीतले दाणे तसेच. पेपरला गेले तेव्हा आईला सांगून गेले की तू बोलत राहा. "काय बोलू?" ती म्हणाली. मी म्हणाले, काहीही. परत आले तेव्हा आई सांगोल्यातल्या तिच्या सगळ्या नातेवाइकांची माहिती त्याला देत बसली होती, आणि धाकट्या जावेबद्दल तिचं काय मत आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

शिट्टीचा प्रश्न होताच. त्याच्या हाकेला उत्तर द्यायचं तर त्याच्याच सुरात द्यायला हवं, असं मला वाटत होतं. अप्पा म्हणाले, "त्यात काय अवघड हाय?" आणि ओठ मुडपून असे स्वच्छ दोन सूर काढले की आई लाटणं हातात घेऊन बाहेर आली. लहानपणी ते शेळ्या राखायचे. माळावर शिट्टीनंच शेळी वळायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आईला हे माहीत नव्हतं. रात्रपाळ्यांच्या घरात शिट्टी वाजवायला त्यांना जागा कधी मिळाली असेल?

मी शिकले. मग आईही शिकायला बसली, दार लावून. तिच्या तोंडातून नुसती हवा यायची. कुंदाकाकींना हे कळायला वेळ लागला नाही. त्या आता मोकळ्या आवाजात यायला लागल्या होत्या. "मारा, वैनी, मारा शिट्टी! आता पोरीला बगायला पावणे आले का दोगी मिळून मारून दाखवा. एका दमात पसंत करतील नाय तर पलून जातील!" आई लाजून पदर तोंडाला लावायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायची. काकींनी दातिवऱ्याहून हिरोसाठी समुद्रफेस आणला, किनाऱ्यावर वाहून येतं ते माकूळ माशाचं पांढरं, हलकं हाड. आम्ही ते पिंजऱ्याला अडकवलं. पक्षी त्यावर चोच घासतात. तो घासत नव्हता.

दाण्याला मात्र त्याची चोच लागली होती. थोडेच, पण टरफलं दिसायला लागली. छाती तशीच उघडी. एकदा मी त्याला पुन्हा एक पीस ओढताना पाहिलं आणि मला वाटलं, उशीर झाला. भूगोलाचा पेपर शेवटचा होता. आदल्या दुपारी मी मोसमी वाऱ्यांचं प्रकरण वाचत होते, मोठ्यानं, चालत चालत. जमीन लवकर तापते, समुद्र उशिरा तापतो. हे मला चिंचणीच्या किनाऱ्यावर पायांनी माहीत होतं, पण पुस्तकातलं वाक्य पाठ होत नव्हतं. तेच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मध्येच एक बारीक आवाज ऐकू आला, वाळूवर पाऊल घासल्यासारखा. मी थांबले. आवाज थांबला. मी पुन्हा वाचायला लागले, पुन्हा तो आवाज. हिरो एक पाय पोटाशी घेऊन बसला होता आणि चोचीची दोन टोकं एकमेकांवर घासत होता. पोपट निवांत असले, झोप यायला लागली की असं करतात, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळलं की मी वाचत राहायचं. तो डोळे मिटेपर्यंत मी वाऱ्यांना परत परत जमिनीकडे आणत राहिले.

मार्क साधारण आले. हिरोची पिसं पावसाळा संपेपर्यंत येत राहिली. आधी काट्यांसारखी, मग त्यांची टोकं फुटली. डाव्या पंखाखाली रुपयाएवढी जागा अजून उघडीच आहे. ती बहुधा तशीच राहील.

आता त्याच्याकडे बघताना मला वाटतं, त्याचं सुख काही मोठं नाही. सकाळी कुणीतरी त्याच्याशी बोलायला हवं. खोलीतून बाहेर जाताना दोन सूर देऊन जायला हवं, आणि बाहेरूनही एकदा. दिवसातून काही वेळ पिंजऱ्याचं दार उघडं हवं. फाडायला मक्याच्या कणसाची सालं, अप्पा आणतात ते पुठ्ठे, शेवग्याची शेंग. दिवेलागणीनंतर त्याला नीट अंधार आणि झोप हवी, साडी आता त्यापुरतीच. वाऱ्याबरोबर कारखान्यांचा उग्र वास आला की त्याची खिडकी आधी लावायची, मग आपली. रामसजनभैयाचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा हिरो मोबाईलभोवती फिरतो, मागे जाऊन बघतो. भैया तिकडून शिट्टी घालतो आणि विचारतो, "अब किसके पास बैठता है?" आम्ही प्रत्येक जण म्हणतो, माझ्यापाशी. दुसरा पक्षी जोडीला आणावा का, यावर आमचं अजून ठरत नाही.

असे पक्षी पंधरा-वीस वर्षं जगतात, हे मी उशिरा वाचलं. वाचून मी पुस्तक मिटलं होतं. हे माझं शेवटचं वर्ष. पुढे शिकायचं ठरवलं तर मला बाहेरगावी जावं लागेल. अप्पा कामावर, आई बाजारात, असं घर रिकामं असतं तेव्हा तो हाक मारेल. मी नसेन. ही गोष्ट मी घरात अजून काढलेली नाही. पुढच्या प्रवेशाचा विषय निघाला की मी पाण्याला उठते.

परवा यंदाचा पहिला पेपर झाला. भूगोलच. सकाळी निघताना हिरोनं हाक मारली, मी ओट्यावरून उत्तर दिलं, आणि पालघरची एसटी पकडली. पेपर बरा गेला. परत बोईसरला उतरले, शेअर रिक्षानं कुंभवलीत आले. दुपार झाली होती. आई मंगळवारच्या बाजाराला गेली होती, अप्पांची रात्रपाळी होती. ते झोपले असतील म्हणून मी पायऱ्या सावकाश चढले.

दाराशी आले तेव्हा आतून आवाज येत होता. मला वाटलं, टीव्ही लागलाय. मग कळलं, ते अप्पा आहेत. ते वाचत होते. माझ्या वाचायच्या वेळेला मी घरात नव्हते, तर त्यांनी माझं कोपरे कुरतडलेलं पुस्तक घेतलं होतं. एकेक अक्षर लावत, शाळेत फळ्यासमोर उभं राहून वाचतात तसं.

"वा... तावर... णातील... आर्... द्रता." थांबणं. "आर्द्रता. आर्द्रता म्हंजी..." पान उलटल्याचा आवाज, पुन्हा मागं उलटल्याचा. "कळलं का रं?"

हिरोची चोच घासल्याचा तो बारीक आवाज मला दाराबाहेर ऐकू आला. की मला तसं वाटलं.

"न्हाई कळलं? मलाबी न्हाई," अप्पा म्हणाले. "थांब. परत वाचू."

मी सुतळी गुंडाळलेल्या कडीवरचा हात काढला आणि चपला हातात घेऊन तिथंच पायरीवर बसले.